वीज गेली तरी संदेश थांबू नये

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



पावसाळ्याच्या तोंडावर गोव्यातील खेड्यापाड्यांत एक अनुभव हटकून येतो. सायंकाळी सोसाट्याचा वारा सुटतो, फणसाची एखादी जुनी फांदी मोडून वीजतारांवर पडते आणि सारा वाडा अंधारात बुडतो. फोन मात्र चालू असतो. त्यावरूनच वीज खात्याकडे तक्रार नोंदविली जाते, परगावी असलेल्या मुलांना खुशाली कळविली जाते. रात्र चढते, वीज येत नाही. आणि मध्यरात्रीनंतर केव्हातरी फोनच्या पडद्यावरील रेघा एकेक करून नाहीशा होतात. त्या वेळी घरात कोणाला सर्पदंश झाला वा एखाद्या गर्भवतीला कळा सुरू झाल्या, तर १०८ क्रमांकाला हाक मारण्याचा मार्ग उरलेला नसतो.

दुसऱ्या दिवशीचा अनुभव याहून चमत्कारिक असतो. सकाळी वीज येते, तीन-चार तास राहते आणि पुन्हा जाते. काल रात्री वीज गेल्यानंतर फोन आठ तास चालला होता; आज तो एका तासातच मुका होतो. कोणी म्हणतो, मनोऱ्यावरील बॅटरी चोरीस गेली. कोणी म्हणतो, तेथे बॅटरी कधी नव्हतीच. वस्तुतः बॅटरी जागेवरच असते. काल आठ तास सेवा देणारी तीच बॅटरी आज एका तासात का थकावी, हा खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर बॅटरीच्या आकारात फारसे सापडत नाही. ते सापडते दोन वेळा वीज जाण्याच्या मधल्या चार तासांत, म्हणजेच बॅटरीच्या चार्जिंगमध्ये. या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

वादळांनी शिकविलेले धडे

दि. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांच्या किनारपट्टीवर विजेचे खांब मोठ्या संख्येने कोसळले. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती, आणि विजेच्या मागोमाग तेथील दूरध्वनीही मुके झाले. पुढच्याच वर्षी, दि. १६ मे २०२१ रोजी, तौक्ते चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकले. गोव्यात दोघांचा बळी गेला, शेकडो झाडे उन्मळून पडली आणि वीजपुरवठा ठिकठिकाणी खंडित झाला. कोविडच्या दुसऱ्या लाटेचा तो काळ होता. रुग्णाला खाट आणि प्राणवायू मिळविण्यासाठी नातेवाइकांचा सारा भरवसा फोनवर होता.

जपानसारख्या सुसज्ज देशाचा अनुभवही विचार करण्याजोगा आहे. दि. ११ मार्च २०११ रोजी तेथे महाभूकंप आणि सुनामी आली. भूकंपात आणि लाटांत पुष्कळ बिनतारी केंद्रे नष्ट झाली. पण बंद पडलेल्या केंद्रांची संख्या त्यानंतरही वाढतच गेली. इमारत शाबूत, मनोरा उभा, यंत्रे धडधाकट. केवळ बॅटरी संपली म्हणून केंद्र गप्प झाले, असे दुसऱ्या दिवशी ठिकठिकाणी घडले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात २०१९ साली वणव्याच्या भीतीने वीजपुरवठा मुद्दाम बंद ठेवावा लागला आणि फोनसेवाही कोलमडली. त्यानंतर २०२० साली तेथील नियामक आयोगाने वणव्याचा धोका अधिक असलेल्या भागांतील बिनतारी सेवेसाठी ७२ तासांच्या पर्यायी वीजपुरवठ्याची सक्ती केली.

या सर्व प्रसंगांत एक अडचण समान आहे. तुटलेल्या तारा जोडणाऱ्या कर्मचाऱ्यांना परस्परांशी बोलण्यासाठी फोन हवा असतो. कोणत्या रोहित्राचा पुरवठा बंद केला, कोणत्या मार्गावर अद्याप प्रवाह आहे, हे कळल्यावाचून खांबावर चढणे प्राणावर बेतू शकते. वीज आणण्यासाठी फोन हवा आणि फोन चालण्यासाठी वीज हवी, असा हा पेच आहे. तो सोडविण्याचे काम काही तासांपुरते बॅटरीवर सोपविलेले असते.

केंद्रातील व्यवस्था

मनोऱ्याच्या पायथ्याशी लोखंडी कपाटे दिसतात. त्यांपैकी एकात वीजपुरवठ्याची सारी व्यवस्था असते. वीज खात्याकडून येणारा २३० व्होल्ट दाबाचा प्रवाह दिशा बदलता असतो. बिनतारी यंत्रांना मात्र एकाच दिशेने वाहणारा, ४८ व्होल्टच्या आसपास दाब असलेला प्रवाह लागतो. हे रूपांतर रेक्टिफायर नावाचे यंत्र करते. ४८ व्होल्टचा हा प्रघात जुन्या टेलिफोन एक्स्चेंजपासून चालत आलेला आहे. बॅटरीही याच जोडणीवर कायमची बसविलेली असते. रेक्टिफायर एकाच वेळी दोन कामे करतो. यंत्रांना वीज पुरवितो आणि बॅटरी भरतो. बाहेरची वीज गेली की बॅटरी त्याच क्षणी यंत्रांना वीज देऊ लागते. मध्ये एका पळाचाही खंड पडत नाही, म्हणून चालू असलेले संभाषण तुटत नाही.

शिसे आणि गंधकाम्ल यांवर चालणाऱ्या बॅटरीचा शोध फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ साली लावला. मोटारीत, घरच्या इन्व्हर्टरमध्ये आणि पुष्कळ बिनतारी केंद्रांत आजही हीच जात वापरली जाते. तिचा एक घट सुमारे २ व्होल्टचा असतो. असे २४ घट ओळीने जोडले म्हणजे ४८ व्होल्टची बॅटरी तयार होते.

आठ तासांचे गणित

बॅटरीची क्षमता अँपिअर-तासांत मोजतात. एका मध्यम केंद्राचे उदाहरण घेऊ. तेथील यंत्रांना सतत ३० अँपिअर प्रवाह लागतो आणि बॅटरीची क्षमता ३०० अँपिअर-तास आहे. बॅटरी तळापर्यंत रिती करावयाची नसते. तसे केल्यास तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून पाचवा हिस्सा राखून ठेवतात. उरलेल्या २४० अँपिअर-तासांना ३० ने भागले की ८ तास मिळतात. वादळाच्या रात्री गावाला मिळाले ते हेच आठ तास.

आता वीज परत आली. खर्च झालेले २४० अँपिअर-तास बॅटरीत पुन्हा घालावयाचे आहेत. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली अशी, की जेवढे काढले तेवढेच घालून भागत नाही. सुमारे दहा टक्के अधिक घालावे लागते. दुसरी अशी, की या जातीच्या बॅटरीला वाटेल त्या वेगाने भरता येत नाही. चार्जिंगचा प्रवाह साधारणपणे क्षमतेच्या दशांशाइतका, म्हणजे या उदाहरणात ३० अँपिअर ठेवतात. त्या हिशेबाने नऊ तास लागतात. आणि अखेरचा हिस्सा फार संथपणे भरत असल्यामुळे प्रत्यक्षात दहा-बारा तास मोजावे लागतात. म्हणजेच आठ तासांच्या अंधारानंतर बॅटरीला दहा-बारा तासांचा उजेड हवा असतो.

तो मिळाला नाही आणि वीज चारच तास राहिली, तर काय होईल? बॅटरीत १२० अँपिअर-तासांपेक्षा थोडे कमीच जमा होतील. पुढच्या खेपेस ती आठ तासांऐवजी साडेतीन तास चालेल. हे समजण्याजोगे आहे. परंतु गावाला त्या दिवशी एकच तास मिळाला होता. उरलेले अडीच तास कोठे गेले?

त्याचे उत्तर रेक्टिफायरमध्ये असते. यंत्रांसाठी ३० आणि बॅटरीसाठी ३० असे एकूण ६० अँपिअर त्याने द्यावयाचे असतात. त्यासाठी २० अँपिअरचे तीन संच एकत्र बसविलेले आहेत असे समजू. त्यांपैकी एक संच नादुरुस्त झाला तर ४० अँपिअर उरतात. यंत्रांना त्यांचे ३० अँपिअर मिळतच राहतात. केंद्र चालू असते, फोन लागतो, कोणाचीही तक्रार येत नाही. बॅटरीच्या वाट्याला मात्र केवळ १० अँपिअर येतात. चार तासांत ४० अँपिअर-तास, म्हणजे यंत्रांची जेमतेम सव्वा तासाची शिदोरी. रोज वीज सुरळीत असताना हा दोष कधीच उघडकीस येत नाही, कारण बॅटरी आधीच भरलेली असते. वीज गेली की बॅटरीचे अस्तित्व जाणवते. तिच्या व्यवस्थापनाची परीक्षा मात्र वीज परत आल्यावरच सुरू होते.

ग्रामीण भागात आणखी एक गोष्ट घडते. वीज परत आली म्हणजे ती पुरेशा दाबाची आली असे नव्हे. दुरुस्तीनंतर पहिल्या काही तासांत सर्व घरांतील पंखे, पंप, शीतकपाटे एकदम सुरू होतात आणि दाब खाली येतो. दाब फारच घसरला तर रेक्टिफायर आपले काम कमी करतो किंवा थांबवितो. घरातील दिवा मिणमिणता का होईना जळत असतो. पण केंद्राच्या बॅटरीत कणभरही भर पडत नसते.

भरण्याची रीत

कौलारू घराच्या परसातील विहीर सर्वांच्या परिचयाची आहे. सायंकाळी पुष्कळ पाणी उपसले तरी पहाटेपर्यंत झरे तिला पूर्ववत भरतात. मध्यरात्रीच पुन्हा उपसा केला तर पोहरा गढूळ पाणी घेऊन वर येतो. विहीर तीच, झरेही तेच. कमी पडला तो वेळ. बॅटरीचेही असेच आहे. फरक इतकाच, की विहिरीचे झरे निसर्ग सांभाळतो आणि बॅटरीचे झरे माणसाला सांभाळावे लागतात.

चार्जिंगचे तीन टप्पे असतात. पहिल्या टप्प्यात प्रवाह स्थिर ठेवतात आणि बॅटरीचा दाब हळूहळू चढू देतात. प्रत्येक घटाचा दाब सुमारे २.३० व्होल्ट झाला, म्हणजे संपूर्ण बॅटरीचा ५५ व्होल्टच्या आसपास आला, की दुसरा टप्पा सुरू होतो. आता दाब स्थिर राहतो आणि प्रवाह आपोआप उतरत जातो. भरत आलेल्या घागरीवर धार बारीक करावी, तसेच हे आहे. प्रवाह अगदी अल्प झाला की तिसरा टप्पा येतो. दाब प्रतिघट सुमारे २.२५ व्होल्ट, एकूण ५४ व्होल्ट इतका खाली आणून बॅटरीला तृप्त अवस्थेत नुसते सांभाळून ठेवतात.

या रीतीत दोन्ही बाजूंनी चूक होऊ शकते. दाब अधिक ठेवला तर बॅटरीतील पाण्याचे वायूत विघटन होते, ती आतून सुकते आणि तापते. बंद बॅटरीत वरून पाणी घालण्याची सोय नसल्यामुळे हे नुकसान भरून येत नाही. त्या वायूंत हायड्रोजन असल्याने बॅटरीच्या खोलीत हवा खेळती ठेवणे आणि तेथे विडी-काडी न पेटविणे हा सुरक्षिततेचा पहिला नियम आहे. उलट, बॅटरी वारंवार अर्धवट भरली तर तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे स्फटिक जमून कठीण होतात. ते मग पुन्हा विरघळत नाहीत आणि ३०० अँपिअर-तासांची बॅटरी पाटीवर ३०० लिहिलेली असूनही प्रत्यक्षात १५० ची होऊन बसते. वारंवार वीज जाणाऱ्या गावांतील बॅटऱ्या लवकर निकामी होतात त्याचे प्रमुख कारण हेच. ज्या गावाला बॅटरीची गरज सर्वांत अधिक, त्याच गावाची बॅटरी सर्वांत आधी दुबळी होते.

उष्णतेचाही विचार करावा लागतो. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य तपमानात सुमारे दहा अंशांची वाढ झाली की जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून उन्हाळ्यात चार्जिंगचा दाब कमी करावा लागतो. दर अंशामागे प्रतिघट सुमारे ३ मिलिव्होल्ट असे हे प्रमाण आहे. कपाटातील तपमान २७ अंशांवरून ४० अंशांवर गेले तर संपूर्ण बॅटरीसाठी ही घट एक व्होल्टच्या जवळपास भरते. चांगला रेक्टिफायर हे आपोआप करतो, मात्र त्यासाठी त्याचा तपमापक बॅटरीला चिकटलेला असावा लागतो. तो सुटून हवेत लोंबकळत राहिला तर यंत्र चुकीच्या माहितीवर काम करू लागते.

काही वर्षांपासून अनेक केंद्रांत लिथियम जातीच्या बॅटऱ्या येत आहेत. त्यांतील लोह-फॉस्फेट प्रकारात ३.२ व्होल्टचे १६ घट जोडून ५१.२ व्होल्टची बॅटरी करतात. ती वेगाने भरते आणि अर्धवट भरल्याने तिचे विशेष बिघडत नाही. वारंवार वीज जाणाऱ्या ठिकाणी ही मोठीच सोय आहे. पण झऱ्याचा नियम तिलाही लागू आहे. रेक्टिफायर अपुरा असेल तर तीही उपाशीच राहते. शिवाय जुन्या बॅटरीसाठी ठरविलेले दाब तसेच ठेवून नुसती बॅटरी बदलली तर अपेक्षित लाभ होत नाही.

जनित्र केव्हा लावावे

अंधार दीर्घकाळ राहणार असेल तर डिझेल जनित्र लागतेच. ते कसे वापरावे याविषयी दोन टोके आढळतात. एक म्हणजे वीज जाताच जनित्र सुरू करून ते अहोरात्र चालू ठेवणे. असे केल्याने बॅटरी आयती भरलेली राहते, पण डिझेल संपते. आणि वादळानंतर रस्त्यावर झाडे आडवी पडलेली असताना नवे डिझेल पोहोचत नाही. दुसरे टोक म्हणजे बॅटरी पूर्ण संपेपर्यंत वाट पाहणे. त्या वेळी जनित्राने दगा दिला तर हाती काहीच उरत नाही.

मध्यम मार्ग असा आहे. बॅटरी निम्म्यावर आली की जनित्र लावावे. तेव्हा बॅटरी प्रवाह भरभरून घेते, जनित्रावर योग्य भार पडतो आणि जाळलेल्या डिझेलचे चीज होते. बॅटरी ८५ ते ९० टक्के भरली की जनित्र थांबवावे, कारण शेवटच्या हिश्शासाठी बॅटरी अत्यल्प प्रवाह घेते आणि हलक्या भारावरचे जनित्र मात्र डिझेल पीतच राहते. दीर्घकाळ हलक्या भारावर चालविल्यास त्याच्या इंजिनात काजळी साचते, ती वेगळीच. अशा रीतीने काही तास जनित्र आणि काही तास बॅटरी असे आवर्तन ठेवले तर तेच डिझेल अधिक दिवस पुरते. वीज सुरळीत झाल्यानंतर मात्र शिसे-आम्ल बॅटरी शंभर टक्के भरू द्यावी. संकटकाळात केलेली काटकसर नेहमीची सवय झाली, तर वर सांगितलेले स्फटिक जमू लागतात.

सौर पट्ट्यांविषयी पुष्कळ आशा बाळगली जाते आणि उन्हाळ्यात ती खरीही ठरते. परंतु आपल्याकडे वीज सर्वाधिक जाते ती पावसाळ्यात, आणि त्याच काळात दिवसेंदिवस ऊन पडत नाही. सौर ऊर्जेने जनित्राचे तास कमी होतात. आषाढातील झडीत ते अनावश्यक ठरत नाही.

कोणाला आधी, कोणाला नंतर

वीज, डिझेल आणि माणसे अपुरी असली म्हणजे क्रम लावावाच लागतो. केंद्रावरील सर्व यंत्रे सारख्या महत्त्वाची नसतात. चित्रफिती आणि मोठ्या प्रमाणावर माहिती वाहून नेणारी यंत्रे पुष्कळ वीज घेतात. बोलणे आणि लघुसंदेश यांना त्या मानाने थोडी पुरते. म्हणून व्यवस्था दोन पायऱ्यांची ठेवतात. बॅटरीचा दाब एका ठरावीक मर्यादेखाली उतरला की आधी जड यंत्रे बंद होतात. संभाषण आणि संदेश चालू राहतात. दाब प्रतिघट १.८५ व्होल्टपर्यंत, म्हणजे एकूण ४४.४ व्होल्टच्या आसपास उतरल्यावर बॅटरी वाचविण्यासाठी सर्वच पुरवठा तोडला जातो. वर घेतलेल्या उदाहरणात यंत्रांची गरज ३० वरून १५ अँपिअरवर आणता आली, तर उरलेल्या बॅटरीतून दुप्पट तास मिळतात आणि वीज येताच रेक्टिफायरचा अधिक प्रवाह बॅटरीकडे वळविता येतो.

केंद्रांमध्येही श्रेष्ठ-कनिष्ठ असा भाव नसला तरी साखळी असते. सत्तरी, सांगे, काणकोण अशा डोंगराळ भागांत एका टेकडीवरील केंद्राकडून पुढच्या केंद्रांना संदेश मिळत असतात. ते मधले केंद्र बंद पडले की पुढच्या केंद्रांच्या बॅटऱ्या काठोकाठ भरलेल्या असूनही त्यांचा उपयोग होत नाही. साखळीची कडी तुटली म्हणजे सारी साखळी हातात येते. म्हणून वीज जोडताना आणि डिझेल पोहोचविताना अशा मधल्या केंद्रांना रुग्णालये व पाणीपुरवठा योजनांच्या बरोबरीने स्थान मिळाले पाहिजे.

आपत्तीच्या वेळी एका कंपनीच्या ग्राहकाला दुसऱ्या कंपनीच्या केंद्रावरून बोलण्याची मुभा देता येते. जून २०२३ मध्ये बिपरजॉय चक्रीवादळ गुजरातच्या किनाऱ्यावर आले तेव्हा तेथील जिल्ह्यांत ही सोय सुरू करण्यात आली होती. पण तिचा लाभ मिळावयाचा तर गावाजवळचे निदान एक केंद्र तरी जिवंत असावे लागते.

प्रत्येकाचा वाटा

केंद्र चालविणाऱ्यांची जबाबदारी उघड आहे. मृग नक्षत्र लागण्यापूर्वी प्रत्येक केंद्राची परीक्षा व्हावी. बाहेरची वीज तोडून बॅटरी खरोखर किती तास चालते ते पाहावे. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे वीज जोडल्यानंतर तिच्यात किती अँपिअर जातात आणि ती किती तासांत भरते, हेही पाहावे. पहिली परीक्षा पुष्कळदा होते, दुसरी राहून जाते. वीज गेल्याची वेळ, आल्याची वेळ, त्या वेळचा बॅटरीचा दाब आणि चार्जिंगचा प्रवाह, एवढ्या चार नोंदी नियमाने ठेवल्या तरी नादुरुस्त संच संकटापूर्वीच सापडतो.

शासकीय कर्मचाऱ्यांनी आपल्या तालुक्यातील मधली केंद्रे कोणती, ती कोणत्या वीजवाहिनीवर आहेत आणि तेथे जाणारा रस्ता कोणता, याची यादी पावसाळ्यापूर्वी तयार ठेवावी. वीज पुन्हा केव्हा जाणार आहे हे ठाऊक असेल तर ते केंद्रचालकांना आगाऊ कळवावे. दुरुस्तीसाठी दोन वेळा पुरवठा बंद करावयाचा असेल आणि कामाच्या सोयीने तसे जमत असेल, तर मध्ये पुरेसे अंतर ठेवल्याने बॅटरीला दम घेता येतो.

ग्रामपंचायतींनी केंद्राकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे झाड आधी हलविण्याची व्यवस्था करावी. एक करवत आणि चार धट्टेकट्टे तरुण यांनी मोकळा केलेला रस्ता डिझेलच्या गाडीला त्या रात्री अमूल्य असतो. बॅटऱ्यांच्या चोरीवरही गावाने लक्ष ठेवावे. शिशाच्या भंगाराला किंमत येते म्हणून चार घट पळविणारा मनुष्य वस्तुतः सबंध गावाचा आवाज पळवीत असतो.

शिक्षकांना या विषयात विशेष संधी आहे. शाळेतील किंवा घरातील इन्व्हर्टर घेऊन विद्यार्थ्यांकडून हेच गणित करवून घेता येईल. बॅटरीवरील अँपिअर-तासांचा आकडा वाचावा, दिवे-पंख्यांची गरज मोजावी, ती किती तास चालेल ते वहीत मांडावे आणि भरावयास किती तास लागतील याचाही हिशेब करावा. विज्ञानाच्या पुस्तकातील व्होल्ट आणि अँपिअर त्या दिवशी मुलांच्या घरात येतील. आणि वीज थोडा वेळच आली असता सर्व पंखे एकदम का लावू नयेत, हे तीच मुले घरातील मोठ्यांना सांगतील.

ग्रामस्थांचा वाटाही लहान नाही. वादळाची सूचना मिळताच आपले फोन भरून ठेवावेत. वीज गेल्यावर चित्रफिती पाहणे आणि पाठविणे टाळावे. जेथे लघुसंदेशाने भागते तेथे संदेशच पाठवावा. १०८ आणि ११२ या क्रमांकांची गरज कोणाला केव्हा लागेल हे सांगता येत नाही, म्हणून केंद्राची उरलेली शक्ती सामायिक ठेव समजून वापरावी. गावातील केंद्र वीज गेल्यावर पूर्वीपेक्षा लवकर बंद पडू लागले, तर वेळांची नोंद करून ती पंचायतीकडे द्यावी. ‘आमचा फोन चालत नाही’ या तक्रारीपेक्षा ‘पूर्वी आठ तास चालत असे, आता दोनच तास चालतो’ ही नोंद तंत्रज्ञाला थेट दोषापर्यंत घेऊन जाते.

सारांश, बॅटरी ही संकटाच्या रात्रीसाठी ठेवलेली शिदोरी आहे. ती खर्च होणारच. त्यासाठीच ती ठेवलेली असते. पण खर्च झालेली शिदोरी पुन्हा बांधून ठेवावयास किती तास मिळाले, ते तास पूर्ण कारणी लागले की नाही आणि बांधणारा हात धड आहे की नाही, हे पाहणे आवश्यक आहे. यंदाच्या पावसाळ्यात एखाद्या रात्री वीज जाईल, सकाळी येईल आणि दुपारी पुन्हा जाईल. त्या दुपारीही गावातून एक हाक १०८ पर्यंत पोहोचावी, एवढ्यासाठी केंद्रचालक, शासन, पंचायत, शाळा आणि ग्रामस्थ या सर्वांनी आपापला वाटा पावसापूर्वीच उचलावा, अशी नम्र विनंती आहे.